वीतभर तार

ही घटना आठवली की मला अजूनही आधी हसू येतं, आणि हसू ओसरलं की थोडी लाज वाटते. नोकरीत मी चोऱ्या, मारामाऱ्या, लाकूडतस्करी असं पुष्कळ पाहिलं. पण एका लग्नाचं भवितव्य चार बोल्टांवर टांगलेलं मात्र एकदाच पाहिलं.

तेव्हा मी जोयडा तालुक्यातल्या एका ठाण्यात फौजदार होतो. दिग्गीच्या वाटेवर एक गाव आहे. नाव सांगत नाही, कारण माणसं हयात आहेत आणि रागीटही आहेत. गावालगत मोठा ओढा. त्यावर साठ फूट पोलादी तार बांधून, तिच्यावरून कप्पीचा पाळणा ओढत न्यायची सोय गावाने केली होती. पावसाळ्यात भाताची पोती, दुधाचे कॅन, सगळं त्यातूनच पलीकडे जाई. वर्षातून एकदा गावदेवीची पेटीही त्याच पाळण्यातून पलीकडच्या गावी, बहिणीच्या देवळात जायची.

जत्रेच्या दोन दिवस आधी सकाळीच गावकर ठाण्यात आले. गावकर म्हणजे गावचे मानकरी. भरदार अंगाचा, भरदार आवाजाचा माणूस. पेटीच्या वजनाइतके नारळ घालून त्यांनी पाळण्याची चाचणी घेतली होती. पाळणा मधोमध पोचला आणि अलीकडच्या खांबावरचं लोखंडी ब्रॅकेट उपटून आलं. ते धरून ठेवणारे बोल्ट तुटले होते. कुणाला लागलं नाही, पण नारळ काळी नदीच्या दिशेने निघून गेले.

"वेल्डरनं भंगारातलं बोल्ट घातलं, सायेब. देवीच्या कामात फशिवलं. आत टाका त्याला."

वेल्डर रामनगरचा, मूळचा खानापूरकडचा. त्याची मुलगी याच गावकरांच्या मुलाला दिलेली होती. सुपारी फुटली होती, दिवाळीनंतर लग्न होतं.

"आणि सोयरीक?" मी विचारलं.

"मोडली म्हणून समजा. फशिवणाऱ्याची पोरगी आमच्या घरात न्हाई यायची."

मी तक्रार लिहून घेतली, स्टेशन डायरीत नोंद केली, जागेवर जाऊन पंचनामा केला. तुटलेले बोल्ट पाकिटात घालून वर लाखेचा शिक्का मारला. मग वेल्डरला बोलावून घेतलं.

इथे माझी चूक झाली. दिवसभर त्याला बाकावर बसवून मी एकच प्रश्न पाच तऱ्हेने विचारला. माझा आवाज चढत गेला, त्याचा बसत गेला.

"बोल्ट नवं हायती, सायेब. पोरीच्या सासरचं काम, त्यात भंगार घालीन व्हय?"

"मग तुटले कसे?"

"ते मला बी कळंना."

उत्तर नाही म्हणजे गुन्हा आहे, असा माझा त्या काळी हिशेब होता. सकाळी अटकेचे कागद तयार करा, असं मी कागदपत्रं लिहिणाऱ्या रायटरला सांगून टाकलं. वेल्डर हात जोडून म्हणाला, "अटक करा, पर त्या गावातनं फिरवू नका. पोरगीला तिथंच नांदायचं हाय." सोयरीक मोडल्याचं त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. मलाही सांगवलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ठाण्याचा फोन वाजला. बाईमाणसाचा आवाज होता, मागे कोंबड्या ओरडत होत्या.

"सायेब, बोल्ट काय बघत बसलाय? तारंवरच्या खुणा बघा." फोन बंद.

माझ्या हाताखाली एक महिला शिपाई होती, जवळच्याच गुंद गावची. मेकॅनिकलचा डिप्लोमा करून पोलिसात आलेली. पंचनाम्याच्या वेळी ती बोल्टांकडे बराच वेळ बघत होती आणि मी तिला "चला, उशीर होतोय" म्हणून घाई केली होती. आता मीच तिला विचारलं.

"सर, ते कापलेले नाहीत, गंजलेलेही नाहीत. मधे बारीक होऊन तुटलेत. गुळाचा पाक ओढला की तुटतो ना, तसे."

"हे कालच का नाही सांगितलं?"

"काल तुम्ही विचारलं नाहीत, सर."

आम्ही पुन्हा ओढ्यावर गेलो. तारेचं टोक जिथे क्लॅम्पने आवळलेलं होतं, तिथे दोन खुणा सापडल्या. एक जुनी, गंज चढलेली. दुसरी ताजी, चकाकणारी. दोन्हींमधलं अंतर मी हाताने मोजलं. बरोबर एक वीत भरलं. कुणीतरी तार वीतभर आखडून घेतली होती. आसपास चौकशी केली, तर गावात कुणालाच काही माहीत नाही. माझा अनुभव असा, की अख्ख्या गावाला काहीच माहीत नसतं तेव्हा अख्ख्या गावाला सगळं माहीत असतं.

दुपारी गावकरांना ठाण्यात बोलावलं. या वेळी बाकावर बसवलं नाही. त्या शिपाई पोरीने ठाण्याच्या अंगणातली कपडे वाळत घालायची दोरी सोडली, मधोमध अर्धी बादली पाणी टांगलं. एक टोक माझ्या हातात दिलं, दुसरं गावकरांच्या.

"काका, दोरी सैल धरा. जड वाटतं का?"

"ह्यात काय जड? पोरंसोरं धरतील."

"आता अगदी सरळ करा. अजिबात झोळ नको."

आम्ही ओढली. बादली थोडी वर आली. आणखी ओढली. गावकरांच्या मानेच्या शिरा फुगल्या, माझा पट्टा सैल झाला, दोरी तळहातात रुतली. तरी मधे झोळ राहिलाच. अर्धी बादली पाण्याने दोन धट्ट्याकट्ट्या पुरुषांचा घाम काढला. ठाण्यातले सगळे शिपाई तोंडं फिरवून हसत होते.

मग तिने एका रद्दी फॉर्मच्या पाठीमागे आकडे मांडले. पेटी आणि पाळणा मिळून शंभर किलो. तार मधे पाच फूट लोंबत होती तेव्हा ब्रॅकेटवरची ओढ तीनशे किलोची. वीतभर तार आखडली की झोळ उरतो एक फूट, आणि ओढ होते दीड हजार किलो. त्यातही तार ब्रॅकेटच्या वरच्या अंगाला अडकवलेली, म्हणून जवळजवळ सगळा भार वरच्या दोन बोल्टांवर. दीडशे-दीडशे किलो पेलायला बसवलेल्या बोल्टांवर साडेसातशे-साडेसातशे आले. आधी ते ताणले, मग तुटले, त्यांच्या मागून खालचेही गेले.

गावकर तळहात चोळत कागदाकडे बघत राहिले.

"व्हय सायेब. आमीच ताणली. पॉवर टिलर लावून."

"कशाला पण?"

"गेल्या साली पेटी मधी गेली ती काठावरच्या मानसांच्या डोक्यापरीस खाली वाकली. पलीकडचं लोक हसलं. म्हनलं, तुमची देवी आमच्याम्होरं वाकली." त्यांचा भरदार आवाज एकदम लहान झाला. "आमची देवी कुणाम्होरं वाकत न्हाई, सायेब."

वेल्डर बाहेरच होता. गावकर उठून त्याच्यासमोर गेले आणि हात जोडले. "पावनं, चूक झाली. पोरगी आमचीच हाय." वेल्डरने डोळे पुसले आणि तो बोल्ट आणायला निघाला. अटकेचे कागद मी स्वतःच्या हाताने फाडले.

संध्याकाळपर्यंत नवं ब्रॅकेट बसलं, तार जुन्या खुणेवर आली. राहता राहिला देवीचा मान. गावकरांनी देवीला फुलं लावून कौल मागितला. उजवं फूल पडलं, म्हणजे देवीची खाली वाकायला हरकत नव्हती.

जत्रेला मी बंदोबस्ताला होतो. पाळणा निघाला, मधे गेला, पेटी खाली खाली येऊ लागली. अलीकडचा काठ गप्प. तेवढ्यात गावकर धोतर सावरून चिखलात बसले. त्यांच्या मागे सगळा गाव बसला. ते बघून पलीकडचा काठही बसला. देवी पाच फूट खाली आली, तरी सगळ्यांच्या डोक्यांपेक्षा उंचावरूनच गेली. मीही गणवेशात बसलो होतो. असा बंदोबस्त मी पुन्हा केला नाही.

त्यानंतर निवृत्त होईपर्यंत मी कुणालाही दिवसभर बाकावर बसवून ताणलं नाही. माणूस तुटतो तेव्हा तो खोटाच असतो असं नाही. पुष्कळदा ओढणाऱ्याने झोळ ठेवलेला नसतो. हे मला कुठल्या प्रशिक्षणाने नाही, कपड्यांच्या दोरीने शिकवलं.

दिवाळीनंतर लग्नाला गेलो. पंगतीत गावकरांच्या मंडळी, म्हणजे नवरदेवाची आई, वाढत माझ्यापर्यंत आल्या. त्यांचा आवाज मी तोवर कधी समोरासमोर ऐकला नव्हता. पानात लाडू ठेवून त्या हळूच म्हणाल्या,

"सायेब, खुणा गावल्या न्हवं?"

मागे अंगणात कोंबड्या ओरडत होत्या. मी आणखी एक लाडू मागून घेतला.