सामन्याच्या दिवशीची रिकामी खुर्ची

शेजारच्या टेबलावरच्या माणसाचा हेवा करण्यात माझी जितकी वर्षं गेली, तितक्यात मी बंगाली तरी नीट शिकलो असतो. स्वातंत्र्यानंतर दोन-तीन वर्षांनी माझी पुण्याहून कलकत्त्याच्या सरकारी कचेरीत बदली झाली. पहिल्याच पावसाळ्यात कळलं, की हा गृहस्थ फुटबॉलपायी ठार वेडा आहे.

सामना असायचा संध्याकाळी, पण मैदानावर रांग लागायची दुपारपासून. दोन वाजले की स्वारी छत्री काखेत मारून उठायची आणि त्याच्या फायली माझ्या टेबलावर यायच्या. "दादा, एवढ्या बघाल ना?" बघतो बाबा, न बघून सांगतो कुणाला! घरी बायको म्हणायची, "त्याचं काम करायला तुम्हाला ठेवलंय का सरकारनं?" मी तिच्यावरच डाफरायचो.

त्याचा क्लब हरला, की दुसऱ्या दिवशी हा दाढी न करता यायचा, डबा उघडायचा नाही. मग आख्खी कचेरी त्याच्याभोवती गोळा. कुणी पाठीवर हात ठेवतोय, कुणी पान देतोय. अरे, घरात कुणी गेलंय का तुमच्या? मी महिनाभर टायफॉइडनं झोपून परत आलो, तेव्हा मला दुसऱ्या एकानंही विचारलं नव्हतं, "कसे आहात?" त्यानं मात्र विचारलं होतं. त्याचाही मला रागच आला.

हेडक्लार्कला तिथे बडोबाबू म्हणत. आमचे बडोबाबू दुर्गापूजेनंतर निवृत्त व्हायचे होते आणि त्या खुर्चीसाठी आम्ही दोघेच होतो. माझं काम चोख, ते एक आजारपण सोडलं तर रजा नाही, उशीर नाही. तरी सगळे माझ्यादेखत त्यालाच म्हणायचे, "आता तुम्हीच आमचे बडोबाबू." मी फायलीत डोकं खुपसायचो.

शेवटी ठरवलं, आपणही सामन्याला जायचं. त्याला कोण आनंद झाला! मला हाताला धरून गॅलरीत नेलं, कचेरीच्या मंडळींत मधोमध बसवलं. विश्रांतीच्या जरा आधी समोरच्या संघातल्या एका पोरानं तिघांना चकवून असा काही गोल केला, की मी उठून टाळ्या वाजवल्या. पुण्याला जिमखान्यावर क्रिकेट बघत वाढलेला मी. खेळ चांगला झाला की टाळी वाजवायची, मग तो कुणाचाही असो, हेच शिकलेलो. आजूबाजूच्या माना माझ्याकडे वळल्या. मग शिव्या सुरू झाल्या, कुणीतरी माझी कॉलर धरली.

तो मध्ये पडला. "पाहुणे आहेत, यांना काही कळत नाही," असं ओरडत त्यानं मला गर्दीतून बाहेर काढलं आणि ट्रामपर्यंत पोचवायला आला. ट्राम येईपर्यंत उभा राहिला. परत आत जाता येणार नव्हतं. उरलेला सामना त्यानं माझ्यापायी सोडला, आणि वर मलाच विचारलं, "लागलं नाही ना कुठे?"

खरं तर मी त्याचे पाय धरायला हवे होते. पण ट्रामभर माझ्या कानात एकच वाक्य: यांना काही कळत नाही!

दुसऱ्या दिवसापासून कचेरी माझ्याशी बोलेना. पुढच्याच आठवड्यात दिल्लीहून नवे साहेब आले. एका दुपारी त्यांनी मला बोलावून विचारलं, "ती खुर्ची रिकामी का?" चहाला गेलेत, एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. मी सगळं सांगितलं. किती वर्षं, किती दुपारी, कुणी उरकलेल्या फायली, सगळं. बोलताना मला बरं वाटत होतं, हे लपवण्यात अर्थ नाही.

पूजेनंतर मी बडोबाबू झालो. त्यानंच पहिलं अभिनंदन केलं, संदेश मिठाईची पेटी घेऊन आला. मी साहेबांना सांगितलं हे त्याला ठाऊक होतं की नाही, मला कधीच कळलं नाही.

पुढच्या पावसाळ्यात, मोठ्या सामन्याच्या दुपारी, तो माझ्या टेबलाशी येऊन उभा राहिला. दादा म्हणाला नाही. "बडोबाबू, आज जाऊ का?"

माझ्या एका शब्दाचं काम होतं. मी मान वर न करता म्हणालो, "पाचनंतर."

तो जागेवर गेला नि मुकाट्यानं कामाला लागला. एकही चूक नाही, एकही उसासा नाही. पाचाला त्यानं दौत झाकली, धोतराचा सोगा हातात धरला आणि जिना उतरून पळत सुटला. चाळिशी उलटलेला माणूस! मी खिडकीशी गेलो. गॅलरीची दारं केव्हाच बंद झालेली असणार, त्यालाही माहीत होतं. आत शिरता येणार नव्हतं, बाहेरच्या चिखलात उभं राहून नुसता आरडाओरडा ऐकायला मिळणार होता, आणि तेवढ्यासाठी तो ट्रामला आडवा धावत होता. मी त्या खिडकीत उभा राहून जळत होतो. कारण असं धावत सुटावं, असं मला कशासाठीच कधी वाटलं नव्हतं.