आजारी सरांना भेटायला गेलो तेव्हा

लातूरच्या एका शिकवणी वर्गात मी जीवशास्त्र शिकवते. आमच्याकडे कोणी दमत नाही, कारण वेळापत्रकात दमायचा तास नाही. भौतिकशास्त्राचे सर मात्र एका दुपारी हातात खडू धरून फळ्याकडे तोंड करून उभे राहिले, ते वळलेच नाहीत. सर विचार करताहेत असं समजून मुलांनी वहीत जागा सोडली.

डॉक्टरांकडे नेल्यावर कळलं की सरांची झोपच उडाली होती. पहाटे बॅच, रात्री बॅच, आणि अंथरुणात पडलं की निकालाची धास्ती. डॉक्टरांनी सांगितलं, वर्गापासून लांब राहा, फोन बंद ठेवा. सर कंधारजवळच्या आपल्या गावी गेले.

आता आमच्याकडे आजारी माणसाला भेटायला न जाणं म्हणजे त्याच्या वाईटावर असणं. त्यामुळे ज्या वर्गापासून सरांना लांब राहायचं होतं तो सगळा वर्ग, म्हणजे आम्ही शिक्षक, संचालकांसकट, रविवारी जीपमध्ये कोंबून त्यांच्या दारात उतरला. सोबत बिस्किटांचे पुडे. मी मुद्दाम फिकी साडी नेसले होते. आजाऱ्याकडे भडक बरं दिसत नाही.

सर अंगणात शेंगा फोडत बसले होते. तब्येत चांगली दिसत होती. जीप बघून ते उठले आणि गोठ्यात शिरले. त्यांच्या आईने त्यांना बाहेर काढलं, ओसरीतल्या बाजेवर आडवं केलं आणि अंगावर चादर टाकली. माणसं इतक्या लांबून भेटायला यावीत आणि आजाऱ्याने शेंगा फोडाव्यात, हे आईंना पटण्यासारखं नव्हतं.

आम्ही ओळीने बसलो. गणिताचे सर म्हणाले, आपल्या साडूलाही अगदी असंच झालं होतं. साडूचं पुढे काय झालं ते त्यांनी सांगितलं नाही. कोणी तळपायाला तेल सुचवलं, मी दुधात जायफळ. सर प्रत्येकाला मान डोलवत होते आणि चादर वर ओढत होते. मग संचालकांनी खुर्ची पुढे सरकवली.

"आराम करा, सर. घाई नाही. उद्या दुपारची बॅच घेतली तरी चालतंय."

चादर नाकापर्यंत गेली. चहा घेऊन आलेल्या आई तिथंच थांबल्या.

"सायेब, तुमी बगायला आलाव का न्यायला?"

संचालकांनी आमच्याकडे पाहिलं. आम्ही बिस्किटांकडे पाहिलं.

"बघायला," ते म्हणाले.

"मग बगा. न्यायचं मी सांगते तवा. च्या घ्या."

आम्ही चहा फुंकून प्यायला लागलो. तेवढ्यात चादरीखालून घोरणं सुरू झालं. आईंनी ओठावर बोट ठेवलं. आम्ही कप बशीत टेकवायचं सोडलं आणि चपला हातात घेऊन एकेक जण बाहेर पडलो. जीप ओसरीला लागून उभी होती, आणि तिचं इंजिन सुरू झालं की कंधारला कळतं. ड्रायव्हरने किल्लीला हात घातला, तो संचालकांनी धरला.

मग पांढऱ्या सफारीतले आमचे संचालक मागून आणि आम्ही बाजूंनी, अशी ती जीप गावाबाहेर ढकलत नेली.

"उद्याची बॅच मीच घेतो," धापा टाकत ते म्हणाले. "फिजिक्स येत होतं मला पूर्वी."