आवाज नसलेली गाडी विकणारे तावडे

तावडेसाहेब गिऱ्हाइकाला गाडीत बसवण्याआधी भिंतीकडे तोंड करून उभं करायचे. "डोळे मिटा, शेठ. सांगेपर्यंत उघडायचे नाहीत." मग स्वतः गाडी आवारात फिरवून त्याच्या पाठीशी वीतभर अंतरावर आणून थांबवायचे आणि खिडकीतून विचारायचे, "ऐकू आली?" गिऱ्हाईक दचकून वळायचं, तर गाडीचं नाक त्याच्या कमरेशी. "नाही ना आली? रस्त्यावरच्या माणसालाही येणार नाही. घ्यायची तर हे ध्यानात ठेवून घ्या."

निम्मी गिऱ्हाइकं तिथूनच परत जायची.

ऐंशीच्या दशकातली, मुलुंडची गोष्ट. आग्रा रोडवरून आत वळणाऱ्या एका गल्लीत तावड्यांनी बॅटरीवर चालणाऱ्या छोट्या व्हॅनची एजन्सी घेतली होती. मी त्यांच्याकडे टायपिस्ट होते, बावीस वर्षांची. ते मूळचे कणकवलीकडचे, परळच्या गिरणीत वायरमन. संपात गिरणी बंद पडली आणि ते इकडे वळले. "धूर नाही, पेट्रोल नाही, आणि वीज काय, आपल्या ओळखीची," असं सांगायचे. खिशात पेनाच्या शेजारी स्क्रूड्रायव्हर असायचा. बोलणं साधं मुंबईचं, पण मन हललं की मालवणी बाहेर यायची.

पहिल्याच महिन्यात ती मला ऐकायला मिळाली. आवारात गाडी वळवताना चाकाखाली कावळा सापडला. तावडे उतरले, उकिडवे बसले आणि बराच वेळ बघत राहिले. "कावळो कधी गाडीखाली येता काय गो, कुंदा?" ते मला म्हणाले. "त्याकापण कळला नाय." त्या दिवशी त्यांनी डबा उघडला नाही.

गल्लीच्या टोकाला अंध कारागिरांची कार्यशाळा होती. तिथे खुर्च्या विणणारे दत्ताराम रोज सकाळी आमच्या फाटकापाशी थांबायचे, मान तिरकी करायचे, रिक्षा-टेम्पो जाऊ द्यायचे आणि मग काठी न टेकता रस्ता ओलांडायचे. काठी नुसती काखेत. कुठला टेम्पो कुणाचा, हेसुद्धा आवाजावरून सांगायचे. एकदा तावड्यांनी त्यांना आवारात बोलावलं. "दत्ताराम, तुझ्या बाजूने गाडी नेतो. कळली की हात वर कर."

गाडी दत्तारामांच्या कोपराला जवळजवळ घासून पुढे गेली, भिंतीपाशी जाऊन थांबली. दत्ताराम हसतमुखाने उभेच. थोड्या वेळाने म्हणाले, "आणा की हो गाडी. मला कामाला उशीर होतोय."

तावड्यांचा चेहरा मी त्याआधी तसा पाहिला नव्हता. गाडी येऊन गेली हे त्यांनी दत्तारामांना सांगितलं नाही, "राहू दे, जा तू" एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मागच्या चाकाजवळ पत्र्याची पट्टी बसवली. चाक फिरलं की ती खडखडायची. यापुढे पट्टी लावल्याशिवाय एकही गाडी फाटकाबाहेर जाणार नाही, असं त्यांनी मला आणि मिस्त्रीला बजावलं. कंपनीला त्यांनी तीन पत्रं लिहिली, तिन्ही मी टाइप केली: गाडीला कारखान्यातूनच काहीतरी आवाज द्या. उत्तर आलं, की शांतपणा हाच या वाहनाचा गुण आहे. मागोमाग कंपनीचा माणूस आला. पट्टी बघून हसला. "तावडे, तुम्ही गिऱ्हाईक आणताय की पळवताय? नवीकोरी गाडी, आणि आवाज भंगारवाल्याच्या हातगाडीचा!"

"हसा तुम्ही," तावडे म्हणाले. "माका झोप नाय."

मला तेव्हा ते जरा अतीच वाटायचं. आम्ही मैत्रिणी तर त्यांची नक्कल करायचो, भिंतीकडे तोंड करून.

पुढे त्यांचा थोरला भाऊ आजारी पडला म्हणून ते गावी गेले. दुकान माझ्यावर टाकून गेले. निघताना फाटकातून परत आले आणि म्हणाले, "घाई करू नको हां. कुणी कितीही घाई केली तरी."

तिसऱ्या दिवशी एक बेकरीवाले शेठ आले. गाडी आधीच ठरलेली होती, न्यायचीच बाकी होती. पट्टीचा आवाज ऐकून ते भडकले. "बाई, ये पत्रा निकालो ना! पाव पोचवायचेत मला, वरात काढायची नाही. आज नेतो, नाहीतर सौदा कॅन्सल." ते भिंतीकडे तोंड करून उभेही राहिले नाहीत. मला वाटलं, साहेब परत आले की एक गाडी गेलेली बघून खूष होतील. मी मिस्त्रीला चार स्क्रू काढायला सांगितले. त्याने दोनदा माझ्याकडे बघितलं. मग त्याने ते काढले.

चौथ्या सकाळी मी टाइप करत होते. बाहेर काहीच ऐकू आलं नाही. ब्रेक नाही, हॉर्न नाही. नुसता एक जड आवाज, पोतं खाली टाकल्यासारखा. मग बायका ओरडायला लागल्या. मी धावत फाटकाशी गेले. दत्ताराम रस्त्यावर पडले होते, काठी अजून काखेत. पावाच्या लाद्या विखुरलेल्या. ड्रायव्हर एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होता, "त्यांनी थांबून ऐकलं हो. मला वाटलं, त्यांना कळलं."

मी गावी तार केली. दुपारी इस्पितळात गेले. दत्ताराम शुद्धीवर होते. माझा आवाज ओळखून म्हणाले, "बाई, मी ऐकत होतो हो. रस्ता मोकळा होता." मला सांगता आलं असतं. मी त्यांची चादर सारखी केली आणि बाहेर आले. दुसऱ्या दिवशी ते गेले.

तावडेसाहेब पोचले तेव्हा हवालदार आमच्या ऑफिसात बसला होता. इतर गाड्यांना पट्टी आहे, हिची कुणी काढली, असं तो विचारत होता. मी उभी राहिले. माझं तोंड उघडायच्या आत तावडे बॅग हातात तशीच ठेवून म्हणाले, "दुकान माझं आहे. गावी जायच्या आधी पट्टी मीच काढायला सांगितली. गिऱ्हाईक जाऊ नये म्हणून. लिहा." मिस्त्री खाली बघत राहिला. हवालदाराने लिहून घेतलं.

त्यानंतर ते विकलेल्या प्रत्येक गाडीच्या मालकाकडे स्वतः गेले, स्क्रूड्रायव्हर घेऊन, पट्ट्या शाबूत आहेत का बघायला. दोघांनी दारातूनच परत पाठवलं. एजन्सी त्यांनी आपण होऊन सोडली. कोर्टाची बोलावणी पुढे कितीतरी दिवस येत राहिली, आणि दर वेळी त्यांनी तेच सांगितलं.

शेवटच्या दिवशी आम्ही ऑफिस रिकामं करत होतो. मी विचारलं, "साहेब, तुम्ही माझं नाव का नाही घेतलंत?"

टाइपरायटरवर कव्हर चढवत ते म्हणाले, "दुकानावर पाटी माझी होती. तुला चार स्क्रूंसाठी चौकीवर पाठवायची?" मग हात थांबला. "पण ऐक गो. मी तुका पोलिसांपासून वाचवलंय. बाकीचा तुझा तू बघ."

मी बघितलं नाही. लग्न झालं, बोरिवलीला राहायला गेले, वर्षं गेली. तावडेसाहेब गावी वारल्याचं मिस्त्रीकडून कळलं, त्या आठवड्यात मात्र मी मुलुंडला दत्तारामांच्या बायकोकडे गेले. पार्वतीबाईंना सगळं सांगितलं. पट्टी कुणी काढायला लावली, कुणी स्वतःवर घेतलं.

त्या निवडायला घेतलेले तांदूळ बाजूला ठेवून ऐकत होत्या. रडल्या नाहीत, रागावल्याही नाहीत.

"गाडीला आवाज नव्हता, हे मला नंतर कोर्टात कळलं," त्या म्हणाल्या. "त्यांना नाही कळलं. जाईपर्यंत मला म्हणत होते, पार्वती, माझे कान गेले. डोळे नव्हतेच, आता कानपण गेले." त्यांनी माझ्याकडे बघितलं. "तुम्ही आला होता ना इस्पितळात? तेव्हा सांगायचं होतं, बाई. त्यांना."