दोन पंच

आमच्या घरात माझ्या शब्दाला फारशी किंमत नाही. बायकोच्या शब्दाला मात्र कोर्टातही किंमत आली. हे मी कौतुकानंच सांगतोय.

वळसंगच्या अलीकडं आमचं गाव, आणि ओढ्याकाठी बायकोची पिठाची गिरणी. एका सकाळी कारखान्याचं काळं, नाक जाळणारं पाणी ओढ्यात सोडणारा टँकर गावानं अडवला. प्रदूषण मंडळाच्या अधिकारी बाई आल्या, तोवर लोक नुसते पेटले होते. बाईंनी नमुन्याच्या बाटल्या भरल्या आणि म्हणाल्या, "पंचनाम्याला दोन पंच पाहिजेत."

झालं! कुणाची म्हैस सुटली, कुणाची एसटी निघाली. टँकरचा मालक तालुक्यातलं बडं प्रस्थ होतं ना. शेवटी आमच्या शेजाऱ्यानं सही केली, कारण त्याची विहीर ओढ्याला लागूनच होती. मी चष्मा शोधत होतो, तेवढ्यात बायकोनं पिठाचे हात पदराला पुसले, अख्खा कागद वाचला आणि सही ठोकली.

आठवड्यात शेजाऱ्याच्या विहिरीला वास सुटला. इकडं मालकाच्या माणसांनी गिरणीचं गिऱ्हाईक तोडलं. लोक दळण घेऊन वळसंगला जायला लागले. वर गोड निरोप यायचे, "वैनी, येवढंच म्हना, कोऱ्या कागदावर सही घेतली." मी घाबरलो होतो. ती रिकाम्या गिरणीत बसून दगड साफ करायची.

बाटल्या त्याच टँकरमधून भरल्या, हे कोर्टात पंचांनीच सांगायचं होतं. आधी शेजारी उभा राहिला. तसलेच निरोप त्यालाही गेले होते. मान खाली घालून म्हणाला, "कोऱ्या कागदावर सही घेतली." साक्ष फिरली. आता सगळा खटला एकट्या बायकोवर आला.

मालकाच्या वकिलानं तिलाही विचारलं, सही कोऱ्या कागदावर घेतली ना? ती म्हणाली, "सायेब, दुसऱ्याचं दळणबी मी बघितल्याबिगर गिरणीत टाकत न्हाय. वाचल्याबिगर सही करीन व्हय?" मग टँकरचा रंग, पाण्याचा वास, बाटल्यांवरचं लाखेचं सील, तिनं सगळं न अडखळता सांगितलं. वकील घाम पुसत खाली बसला. पुढं मालकाला शिक्षा झाली. अधिकारी बाई तिचे दोन्ही हात धरून म्हणाल्या, "माझे पंच नेहमी फिरतात हो." त्यांचे डोळे भरले होते. माझी छाती अशी फुगली, जणू साक्ष मीच दिली.

निकालानंतर गिरणीत पहिलं दळण आलं ते शेजाऱ्याचं. माझं डोकंच फिरलं. म्हणालो, "फेक तो डबा बाहेर!" तिनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. ज्वारी निवडली, दळली, पीठ डब्यात भरून दिलं. त्यानंही मान वर केली नाही.

तो गेल्यावर ती म्हणाली, "अवो, त्येला आनी काय शिक्षा करायची? त्याच विहिरीचं पानी पितोय की त्यो."