अल रुवैसचं पिवळं खरबूज, बियांसकट

“एका खरबुजासाठी रुवैसपर्यंत जाणार?” शुक्रवारी संध्याकाळी नवऱ्याने विचारलं, आणि वर “सुपरमार्केट खाली आहे” अशी माहितीही पुरवली. आम्ही दोह्यात फरीज बिन ओमरानला राहतो आणि सुपरमार्केट खरोखरच खाली आहे. पण मला भूक लागलेली नव्हती, मला उत्सुकता होती. या दोन गोष्टींतला फरक लग्नाला अकरा वर्षं होऊनही त्याच्या लक्षात आलेला नाही.

गोष्ट सुरू झाली दाऊदभाईंपासून. ते रत्नागिरीचे, कतारच्या उत्तर टोकाला रुवैसजवळ एका शेतावर सुपरवायझर आहेत. हिवाळ्यात शेतकऱ्यांचा भाजीबाजार भरतो, तिथे मी फोनवर आईशी वाद घालत मेथी निवडत होते, तेव्हा समोरून “ताई, ही जुडी घ्या, ती जून आहे,” असं मराठीत ऐकू आलं. तेव्हापासून मेथी त्यांच्याकडूनच. त्यांचे मालक, ज्यांना ते अरबाब म्हणतात, तीन वर्षांपूर्वी कोरियाला फिरायला गेले होते. तिथे त्यांना एक छोटं पिवळं खरबूज इतकं आवडलं की येताना बियांची पाकिटं घेऊन आले आणि दाऊदभाईंच्या हातात ठेवली. पिवळी धमक फळं आली, पण दर वर्षी अरबाब एक फोड खायचे आणि म्हणायचे, “तिकडची चव नाही.” दाऊदभाईंनी खत बदललं, पाणी बदललं, जाळी बदलली. आता सोमवारी अरबाब शेवटचं चाखणार होते आणि पसंत पडलं नाही तर वेल उपटून तिथे काकडी लागणार होती.

“ताई, मी त्यातलं खरं फळ कधी खाल्लेलंच नाय,” दाऊदभाई फोनवर म्हणाले. “बरोबर आलंय का चुकलंय, मला कळायचं कसं?”

आता योग असा की लुसैलच्या आमच्या ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावर मिनजी बसते आणि ती कोरियाच्या सोंगजू गावची आहे. हे खरबूज पिकवण्यासाठीच ते गाव ओळखलं जातं. तिकडे त्याला चामवे म्हणतात. तिची आई, जिला ती ओम्मा म्हणते आणि मग आम्ही सगळेच म्हणू लागलो, चाळीस वर्षं चामवेच पिकवत होती. ती पंधरा दिवसांसाठी दोह्याला आली होती आणि मॉल बघून बघून कंटाळली होती. मी विचारलं, शेत बघायला येणार का? ओम्माने उत्तर देण्याऐवजी टोपी घातली.

शनिवारी सकाळी सहाला निघालो. तुम्ही जाणार असाल तर एप्रिलमध्ये याहून उशीर करू नका, अकरानंतर ऊन अंगावर येतं. अल शमाल रस्ता सरळसोट आणि गुळगुळीत आहे, दोह्याहून सव्वा तास पुरतो, फक्त वेग मोजणाऱ्या रडारवर लक्ष ठेवा. वाटेत पेट्रोल पंपावर करक चहा घेतला, दोन रियालला एक. ओम्माने एक घोट घेतला, कपात बघितलं आणि मिनजीला काहीतरी विचारलं. “ती विचारतेय, यात चहा आहे का,” मिनजी म्हणाली. साखरेबद्दलचं मत तिने भाषांतरित केलं नाही.

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना सपाट, फिकट जमीन, मधेच एखादी खजुरांची रांग. ओम्मा सगळं निरखून बघत होती आणि एवढ्याशा झुडपाकडेही बोट दाखवून नाव विचारत होती. मला एकाचंही सांगता आलं नाही. सहा वर्षं राहतेय मी या देशात.

रुवैसच्या अलीकडे डावीकडे वळलं की कच्चा रस्ता लागतो, साध्या गाडीनेही जाता येतं. दाऊदभाई फाटकात इस्त्रीचा शर्ट घालून उभे होते. पिकलेली चारच फळं होती, ती त्यांनी पहाटेच तोडून फ्रीजमध्ये ठेवली होती. मुठीएवढी, पिवळीजर्द, वरून खाली पांढरे पट्टे. नाकाशी धरली तर छान वास येत होता. मिनजी आणि ओम्मा हात धुवायला गेल्या, तेवढ्यात दाऊदभाईंनी उत्साहाच्या भरात चारही फळं सोलली आणि उभी चिरली. मी चमचा उचलला आणि आतला गर बियांसकट खरवडून पाण्याच्या बादलीत टाकू लागले. माहेरी खरबुजाच्या बिया काढायचं काम माझंच असे आणि मला त्याचा अभिमान आहे, एकही बी राहत नाही.

“टाकू नका हां, धुवून वाळवतो मी,” दाऊदभाई म्हणाले. “बायकोला मिठाईत घालायला या बियांची मगज लागते. दर वर्षी डबा भरून पाठवतो.” मग त्यांनी फोडींवर साखर भुरभुरली. आमच्याही घरी तसंच करतात.

ओम्माने एक फोड खाल्ली. दाऊदभाई हात मागे बांधून तिच्या चेहऱ्याकडे बघत होते. तिने दुसरी घेतली नाही. ताटलीतल्या सगळ्या फोडी एकेक करून उलटून पाहिल्या आणि मिनजीशी हळू आवाजात बोलली.

मिनजी अवघडली. “ती विचारतेय, आतलं कुठे आहे?”

“आतलं म्हणजे?”

“बिया आणि त्याभोवतीचा गर. चामवेत गोड तेवढंच असतं. बाकीचं नुसतं कुरकुरीत. आम्ही बियांसकट खातो.”

आम्ही दोघांनी बादलीकडे बघितलं. बिया पाण्यावर तरंगत होत्या. दाऊदभाई खाली बसले, खुर्ची नव्हती तिथे.

“अरबाबांच्या बैठकीत, मजलिसमध्ये पण मी असंच साफ करून पाठवत होतो,” ते म्हणाले. “तीन वर्सं.”

मला फार वाईट वाटलं, आणि लाजही वाटली, कारण चारही फळांचा निकाल मीच लावला होता. सोमवारसाठी एकही उरलं नव्हतं. “बाकी सगळी हिरवी आहेत,” दाऊदभाई म्हणाले. “खलास.”

मिनजीने हे आईला सांगितलं. ओम्माने त्यांच्याकडे पाहिलं, पॅन्टचे पाय दुमडले आणि हरितगृहात शिरली. आम्ही मागे. आत दमट, गुदमरायला होत होतं. ती वाकून पानं बाजूला करत चालली होती, देठाजवळ नाक नेत होती आणि पुढे सरकत होती. दाऊदभाईंनी हिरवी म्हणून सोडलेल्या टोकाच्या रांगेत पानांखाली तिला तीन पिकलेली सापडली. मग तिने खुणेने स्वच्छ पाण्याची बादली मागितली आणि एकेक फळ पाण्यात सोडलं. पहिलं बुडालं. दुसरं तरंगलं, तिसरंही.

“बुडालं त्याच्या आत पाणी भरलंय,” मिनजी म्हणाली.

ओम्माने तरंगणाऱ्यातलं एक घेतलं, सोललं, चिरलं आणि अर्धं आधी दाऊदभाईंना दिलं, बियांसकट. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली, मला तरी काय ठाऊक होतं. त्यांनी चावा घेतला आणि चावायचे थांबले. मग उरलेलं सावकाश खाल्लं, हनुवटीवरून रस ओघळत होता तो पुसलासुद्धा नाही. मलाही एक घास मिळाला. काकडीचा कुरकुरीतपणा आणि मध्ये मऊ, सुवासिक गोडी. बिया दातांत करकरतात, पण त्याची दोन घासांत सवय होते.

ओम्मा आपली फोड संपवून बोलली आणि मिनजी सांगत गेली. “पाणी जास्त देताय. तोडायच्या आधी आठवडाभर बंद करा. पानं फार ठेवता. आणि सोंगजूला हे दुसऱ्या प्रतीचं म्हणून विकलं गेलं असतं.” इथे ती थांबली. “पण चामवेच आहे.”

दाऊदभाईंनी छातीवर हात ठेवला आणि म्हणाले, “शुक्रन.” ओम्माला आभाराचा हा एकच अरबी शब्द येत होता, तिला तो कळला.

दुसरं तरंगणारं फळ तिने कापू दिलं नाही, ते सोमवारसाठी. बुडालेलं माझ्या पदरी आलं. जेवायला आम्ही रुवैसच्या बंदराजवळ एका साध्या हॉटेलात थांबलो, तळलेला हामूर आणि भात, तिघींचे सत्तर रियाल. ओम्मा मासा निवडता निवडता टेबलावर बोटाने वेलींच्या रांगा आखत होती आणि मिनजीला काहीतरी समजावत होती. “घरी ती आता शेतावर जात नाही,” मिनजी मला म्हणाली. “गुडघे दुखतात म्हणते.” त्या दिवशी हरितगृहात तिचे गुडघे अजिबात दुखले नव्हते.

घरी नवऱ्याने फळ बघितलं, चिरलं आणि सवयीने चमचा उचलला. मी त्याचा हात धरला. बुडालेलं खरबूज खरंच पानचट होतं, पण आम्ही ते बियांसकट संपवलं. मी मात्र आजवर किती गोष्टी आधी साफ करून मग बेचव म्हणून बाजूला केल्या असतील, याचा विचार करत बसले. करक चहाचं नाव त्यात नाही, एवढं नक्की.

सोमवारी दुपारी दाऊदभाईंचा व्हॉइस मेसेज आला. मी तो ऑफिसात मिनजीबरोबर ऐकला आणि तिला वाक्यावाक्याला सांगत गेले.

“ताई, अरबाबांना बियांसकट दिलं. खाल्लं नि म्हणाले, हेच. दोन रांगा ठेवल्यात, बाकीत काकडी. आजीला सांगा, पाणी तोडलंय मी.” मग म्हणाले, “तीन वर्सं मी गोड होतं ते धुवून टाकलं ओ, नि वेलाला दोष दिला. घरी बायकोला पण कळवलंय, औंदा मगज यायची नाय.”