लाल वर्गाच्या गुलशन मॅडम

गुलशन मॅडमना खोटं लिहिता येत नाही. नोकरीत एवढा एक दोष माणसाला बुडवायला पुरतो.

बिडकीनजवळच्या आमच्या दोनशिक्षकी शाळेत पहिली-दुसरी त्यांच्याकडे, तिसरी-चौथी माझ्याकडे. वैजापूरला वडिलांचं बांगड्यांचं दुकान होतं. ‘गल्ल्यावर बस’ म्हणणाऱ्या वडिलांशी भांडून त्या डी.एड. झाल्या, त्याला आता वीस वर्षं होतील. डी.एड.ची पोरं सरावाला आली की बाकीचे शिक्षक त्यांना माहित्या भरायला बसवतात. मॅडम पहिल्याच दिवशी त्यांच्या हातात खडू देतात आणि स्वतः पोरांमध्ये सतरंजीवर मांडी घालून बसतात.

यंदा अपेक्षा आली. आमच्याच गावची, मॅडमकडेच बाराखडी शिकलेली. तिच्या कॉलेजात चाळीस जागांवर अकराच पोरी, त्यातली ही एक. “भरती निघो न निघो, मला मॅडमसारखंच व्हायचंय,” म्हणायची.

मार्चमध्ये वाचनाची तपासणी आली. प्रत्येक मुलाचा स्तर मोबाईलवर भरायचा, त्यावरून वर्गाला रंग मिळणार, आणि लाल वर्गाच्या शिक्षकाला नोटीस. मॅडमच्या वर्गात बांधकामावरच्या परराज्यातल्या हिंदीभाषक मजुरांची नऊ पोरं जानेवारीत आली होती. मराठी त्यांनी कधी ऐकलेलीही नव्हती. मॅडमनी त्यांना आपल्या घरच्या दखनी हिंदीत समजावत अडीच महिन्यांत अक्षरांपर्यंत आणलं आणि मोबाईलवर तेच भरलं: ‘अक्षरं ओळखतो.’ मी माझ्या सगळ्या पोरांपुढं ‘गोष्ट वाचतो’वर बोट दाबलं, चहा गार व्हायच्या आत. सगळेच दाबतात.

माझा वर्ग हिरवा झाला, त्यांचा लाल.

तालुक्याचे साहेब आले. माझी पाठ थोपटली. मॅडमना पोरांसमोर उभं करून विचारलं, “पगार कशाचा घेता?” मग नोटीस अपेक्षाच्या हातात दिली. “वाचा मोठ्यानं. उद्या तुम्हालाही नोकरी करायचीय.” तिनं वाचली. ‘कामात हयगय’ या शब्दांवर तिचा आवाज फाटला. तेव्हा माझी जीभ का झडली होती, याची चीड मला अजून येते.

संध्याकाळी शाळा सुटल्यावर अपेक्षानं मला विचारलं, “सर, तुमचा वर्ग हिरवा कसा झाला?” मी खरं ते सांगितलं.

“म्हंजी मॅडमसारखं राहिलं तर नोटीस, नायतर तुमच्यासारखं व्हायचं. मला दोन्ही नाय जमायचं.”

शेजारीच उभ्या असलेल्या मॅडमनी तिचा हात धरला. “बेटा, साहेब वर्षातून एकदा येतात. पोरं रोज येतात. जाऊ नको गं.”

ती लई रडली, पण गेलीच. आता एका कंपनीच्या गेटवर कामगारांची हजेरी घेते. पोरगी काय शिकवायची! अन् आम्ही तिला गेटवर बसवली.

महिन्यानं ऑफिसातून पत्र आलं. नवे शिक्षक का मिळत नाहीत, याचा अहवाल वर पाठवायचाय म्हणे! छात्राध्यापिकेनं प्रशिक्षण अर्धवट का सोडलं, याचा खुलासा मार्गदर्शक शिक्षिकेनं तीन दिवसांत द्यावा.

“घरगुती कारण लिहा, मॅडम. मिटवून टाका,” मी म्हणालो. होय, तेव्हाही मी हेच म्हणालो!

मॅडमनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. कोरा कागद घेतला आणि एकच ओळ लिहिली: ‘माझी नोटीस तुम्ही तिला वाचायला लावलीत.’