वडवणी रोडचा प्लॉट

मोंढ्यात इतकी वर्षं दुकानं टाकून बसलो, पण आम्हा चौघांकडं पैसा काही साचला नाही. किस्से मात्र पोत्यानं साचले! त्यातले निम्मे एकाच प्लॉटचे.

भास्करचं बारदानाचं दुकान. गडी जन्मभर भाड्याच्या घरात. भिंतीत खिळा ठोकायचा तरी घरमालकाला फोन! "एकदा सोताच्या घरात, कुनाला न इचारता ठोकायचंय बे," एवढंच त्याचं मागणं. मी, उत्तमराव आणि सलीमभाई मात्र पक्के व्यापारी. जागा घ्यायची, भाव आला की विकून मोकळं व्हायचं. एकट्याच्या आवाक्यात काहीच नव्हतं, म्हणून चौघांत एक प्लॉट घ्यायचं ठरलं.

*

जागा निघाली वडवणी रोडला. घर बांधायला एनए लागतं, म्हणून आधी तेच विचारलं.

एजंट म्हणाला, "प्रोसेसमधी हाय."

सलीमभाईनं पोटावरून हात फिरवला. "मी बी लगीन झाल्यापासून बारीक व्हायच्या प्रोसेसमधी हाय!"

एनएचा कागद हातात आल्यावरच आम्ही इसार दिला.

*

उत्तमरावचं म्हणणं, "रिस्क जागेत नसती, शेजाऱ्यात असती." म्हणून हा पठ्ठ्या मुद्दाम शेजाऱ्याशी भांडायला गेला! नंतर भांडण्यापेक्षा आत्ताच भांडून बघावं म्हणे.

तासाभरानं आला तो ढेकर देत. शेजाऱ्यानं भाकरी-ठेचा खाऊ घालून पाठवलं होतं.

"कसा हाय मानूस?"

"लई डेंजर! भांडतच न्हाई!"

*

मग प्रश्न आला, मालकी कुणाच्या नावानं? चौघांची नावं टाकावीत तर आम्ही पत्ते खेळतानाही एकमेकांच्या गचांडीला धरतो. डोकं चाललं उत्तमरावचंच.

"बायकांच्या नावानं घिऊ. त्यांची भिशी इतकी वर्षं चालू हाय, कदी भांडन ऐकलं का?"

झालं! चौघी नटूनथटून रजिस्ट्रीला. उत्तमरावची बायको शोभावहिनी साहेबाला म्हणाली, "डोळे मिटले वो, दुसरा फोटो काढा!" मग चौघींचेही दुसरे निघाले. मागची रांग तापली.

सलीमभाई कपाळाला हात लावून म्हणाला, "माझ्या लग्नात बी एवढे फोटो न्हाई निघाले!"

*

आणि परवा आष्टीचं गिऱ्हाईक आलं. भाव असा दिला की उत्तमराव खुर्चीतून उठलाच. आम्ही तिघांनी होकाराच्या माना डोलावल्या. भास्कर म्हणाला, "तुमी म्हणताव तर द्या की," आणि समोरचा चहा तसाच ठेवला. मला फार वाईट वाटलं, पण भाव सोडवत नव्हता.

सह्यांसाठी बायकांना शोधलं तर चौघी प्लॉटवर! एका कोपऱ्यात पांढऱ्या फक्कीनं घराच्या रेघा मारलेल्या. शेजारी नारळ, हळदीकुंकू, चार खुंट्या.

आमची सुमन म्हणाली, "विकायचं न्हाई. हा कोपरा भास्करभावजींचा."

उत्तमराव तापला. "आमाला इचारलं का?"

"कावून इचारावं?" शोभावहिनी म्हणाली. "खरेदीखतावर तुमचं नाव हाय का?"

उत्तमराव गारच पडला! सलीमभाई पोट धरून हसायला लागला. सुमननं हातोडा भास्करच्या हातात दिला. "ठोका भावजी खुंटी. आता कुनाला इचारायचं काम न्हाई."

भास्करनं डोळे पुसले. खाली बसला, खुंटी धरली, हातोडा उचलला आणि थांबला. वळून आपल्या बायकोकडं, कांताबाईकडं बघितलं.

"मालकीणबाई, ठोकू का?"